दम घ्यायची जागा

भाऊबीज सरली की आमच्याकडच्या हवेला दोन वास लागतात. एक कापून शेतात कडपा, म्हणजे आडव्या ओळी, पडलेल्या धानाचा आणि दुसरा तळणाचा, कारण गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायला सुरुवात होते. यंदाही दोन्ही वास आले. लाखनीत हायवेला लागून माझा स्टुडिओ आहे. खाली टायरचं दुकान, वर मी. एरवी मी खिडकी उघडत नाही, ट्रकांची धूळ सरळ कीबोर्डवर येऊन बसते. या दिवसांत मात्र उघडते आणि दरवर्षी पस्तावते. धानाच्या वासामागोमाग भोंगा लावलेली गाडी येते, ‘आज रात्री, भव्य रंगमंचावर’ असं ओरडत नाटकाची जाहिरात करणारी. त्या गाडीवर एक गाणं वाजतं. गाण्यात एक क्लॅरोनेट आहे. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मंडई म्हणजे आनंद, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मलाही एके काळी तसंच वाटे. बोडीच्या, गावतळ्याच्या, पाण्यातून काढलेले ओले शिंगाडे, त्यांच्या सालीने काळी पडलेली बोटं, नव्या कपड्यांची कडक इस्त्री, सासरहून आलेल्या पोरींचा गलका, कुठूनतरी येणारी दंडार नाचणाऱ्यांची ढोलकी. आम्ही चिखल्याला खाणीच्या कॉलनीत राहायचो. बाबा खाली खाणीत पाळीला जात आणि वर आले की बँडपार्टीत क्लॅरोनेट वाजवत. आमचा जिल्हा तोडून गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते. मास्तरांनी फळ्यावरच्या नकाशात खडूची रेघ ओढली आणि अर्धा जिल्हा फडक्याने पुसून टाकला. बाबांच्या पार्टीची बरीच गावं त्या रेघेपलीकडे गेली. मंडईने काही ती रेघ मानली नाही. बाबा पहिल्यासारखेच तिकडे वाजवायला जात राहिले, एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीला आणि दिवाळीनंतर मंडईला.

बाबा कुणाचं कौतुक करत नसत. स्वतःचं मात्र भरपूर करत. मिरवणुकीहून आले की क्लॅरोनेटच्या चाव्या रुमालाने पुसता पुसता आईला सांगत, “आज पूर्ण चौक थांबला होता.” आई भाकर थापता थापता म्हणे, “ट्राफिक असन.” ते हसत नसत. स्वतःच्या वाजवण्याबद्दल त्यांना थट्टा सहन होत नसे. पुढे बिडीने छाती खाल्ली, वरचे दात गेले आणि क्लॅरोनेट पेटीत घालून कपाटावर गेलं. त्यानंतर ते ओट्यावर बसून दम खात. अख्खी कॉलनी त्यांना तसंच पाहत होती: भिंतीला पाठ, गुडघ्यावर हात, आणि दोन वाक्यांच्या मध्ये एक मोठा श्वास.

मी शिकले ते कंप्युटरवर वाजवायला. लोक याला वाजवणं म्हणत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. नात्यातल्या एका लग्नात एका मावशीने मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, “तू नुसती बटन दाबतं म्हने, आन् गाना होऊन जाते?” मी हो म्हटलं. कुठे समजावत बसायचं? माझ्या स्टुडिओत माइक लावून काही रेकॉर्ड करायची सोय नाही. सतारीची एक मींड घ्यायला जावं तर तीत रायपूरहून आलेल्या ट्रकचा हॉर्न येतो. म्हणून माझी सगळी वाद्यं कंप्युटरच्या आत राहतात. प्लगइन म्हणतात त्यांना. कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी शांत दालनात कुणा वादकाने एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा वाजवून दिलेला असतो. मी कीबोर्डची पट्टी दाबली की त्याचा तो सूर माझ्या खोलीत लागतो. त्याला ट्रक ऐकू येत नाहीत.

पण पट्टी दाबून सूर लागतो, गाणं होत नाही. सूर लागला आणि नुसता सरळ उभा राहिला तर ते वाद्य नसतं, दारावरची बेल असते. त्याला वाकवावं लागतं. डाव्या हाताने एक चाक फिरवत सुराला भरत न्यायचं, उतरवायचं. एकच सूर लागोपाठ आला तर दर वेळी दाब थोडा वेगळा ठेवायचा. ठेक्यावर अगदी चोख पडलेला सूर मुद्दाम केसभर मागे ओढायचा, कारण माणूस इतका चोख नसतो. पडद्यावर प्रत्येक सुराखाली एक रेघ असते, त्याचा जोर दाखवणारी. मी तासन्‌तास त्या रेघा घासत बसते. गाडीवर भोंग्यातून ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, आणि कळावं असा माझा हट्टही नाही. हट्ट एकदाच धरला होता.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबा माझ्याकडे येऊन राहिले होते. छातीच्या डॉक्टरकडे वरचेवर जावं लागे आणि चिखल्याहून ये-जा त्यांना झेपत नव्हती. आई घर धरून तिकडेच होती. नेमकं तेव्हाच गजूभाऊंचं काम आलं. गजूभाऊ म्हणजे इकडच्या एका नाटक कंपनीचे मालक, मंडईच्या हंगामात रोज एका गावात प्रयोग लावणारे. नव्या नाटकात भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीचं एक गाणं होतं. ते म्हणाले, “ताई, गान्यात किलारनेट पायजे. जुन्या वानी. आयकताच मानूस रडला पायजे.”

मी क्लॅरोनेटचं प्लगइन उघडलं आणि गाण्याआधीचा तुकडा बसवला. चांगला बसला होता. सूर भरत होते, उतरत होते, मींड जागच्या जागी होती. बाबा मागे पलंगावर पडून ऐकत होते.

“कोन वाजवते हा?”

“मी.”

“सूर बरोबर हाय,” ते म्हणाले, आणि मी खूश होणार एवढ्यात, “पन मानूस मेला हाय.”

कारण विचारलं तर सांगता येईना. आधी म्हणाले स्पीकर फाटला आहे. मग म्हणाले विदेशी लाकडाचा आवाज असाच येतो. मग म्हणाले डोकं दुखून राहिलं, बंद कर. मला राग आला. मी तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकला, आणि मागे पलंगावरून त्यांची धाप ऐकू येत होती. एकाएकी लक्षात आलं की माझं क्लॅरोनेट इतका वेळ वाजतंय आणि एकदाही श्वास घेत नाही. पट्टी दाबून धरली की सूर चालूच. त्याला छातीच नव्हती.

याच्यासाठी एक नळी मिळते. तोंडात धरून फुंकायचं, नळीतून काही वाजत नाही, पण फुंकर किती जोराची आहे ते कंप्युटरला कळतं आणि तेवढाच सूर भरतो. फुंकर थांबली की सूर थांबला. मी ती मागवून ठेवली होती, पण मला फुंकता येत नव्हतं. माझी फुंकर वाढदिवसाच्या मेणबत्तीपुरतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती बाबांच्या हातात दिली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

“हे त फुंकनी हाय. चुलीची.”

“तुम्ही फुंका फक्त. बोटं मी लावते.”

“काहून? माये बोटं काय झिजले का?”

“तुमच्या बोटांना ही पट्टी माहीत नाही. माझ्या बोटांना फुंकर माहीत नाही.”

कुरकुरत त्यांनी नळी तोंडात धरली. तिला दात लागत नव्हते, फारसा दमही लागत नव्हता. मी पट्टी दाबली, त्यांनी फुंकलं, आणि खोलीत एक सूर उठला. मी नुसतं चाक फिरवून तसा सूर कधी काढला नव्हता. आधी जरा अडखळला, मग भरला, आणि शेवटाला थोडा थरथरून विझला. बाबांनी नळी काढून माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते असं मी लिहिणार नाही, कारण नव्हते. ते रागावले होते. म्हणाले, “तू लवकर बोट उचललं.”

मग आम्ही बसलो. दुपारी जेवण झालं की बसायचो ते त्यांना झोप येईपर्यंत. खाली ट्रक जात, टायरवाल्याचा पंप खडखडे, आणि वर आम्ही दोघं मिळून एक क्लॅरोनेट वाजवत असू. भांडणं खूप होत. ओळ अर्ध्यावर असताना त्यांचा दम संपे. सूर मध्येच तुटे. ते खोल श्वास ओढत, मी पट्टीवर बोट धरून थांबलेली, आणि पुढचा सूर ते मनाला येईल तेव्हा सुरू करत. मी म्हणायची, इथे तुटायला नको. ते म्हणायचे, “मंग तू फुंक.” हळूहळू मीच शिकले की त्यांच्या छातीकडे बघायचं आणि बोट त्याप्रमाणे ठेवायचं. पडद्यावर ती रेघ दिसे: चढत जाणारी, पार तळाला पडणारी, जराशी मोकळी जागा, मग पुन्हा चढणारी. गाण्यातली बहीण वाट पाहत होती, आणि ते क्लॅरोनेट वाट पाहता पाहता दमलेल्या माणसाचं झालं होतं. माझ्या हातून त्याच्यापेक्षा चांगलं काम झालेलं नाही, पुढे होईल असंही वाटत नाही. त्या सगळ्या दुपारी मी सुखात होते. आजही तो हंगाम आठवला की आधी ते सुख आठवतं, आणि मग त्याचा राग येतो.

गाणं गजूभाऊंना दिलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली, म्हणाले, “ताई, खतरनाक.” बाबा चिखल्याला परत गेले आणि त्यांनी जे करायला नको होतं तेच केलं. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की या मंडईत माझं क्लॅरोनेट वाजणार आहे. पाणी भरायला आलेल्या बायांना सांगितलं, पाळीहून परतणाऱ्या जुन्या सोबत्यांना सांगितलं. पेटीतलं क्लॅरोनेट काढून पुसून ठेवलं. आई फोनवर म्हणाली, “मानूस जिवंत झाला बाप्पा. जेवन वाहाडून मांगते.”

मंडईच्या दिवशी मी मुद्दाम चिखल्याला गेले. ऊन कोवळं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर, शेजारपाजारचे चार लोक भोवती, आई आत चहा टाकत होती. जाहिरातीची गाडी कॉलनीच्या वळणावर आली आणि गाणं सुरू झालं.

क्लॅरोनेट वाजू लागलं आणि थांबलंच नाही. सूर तेच होते, मींड तीच, ती शेवटची थरथरसुद्धा कुठे कुठे होती. पण एका सुराला पुढचा सूर नेऊन चिकटवला होता. मोकळी जागा एकही नव्हती. गाडी पूर्ण कॉलनीतून फिरून गेली तोवर त्या क्लॅरोनेटने एकदाही श्वास घेतला नाही.

भोवतीची माणसं काही वाईट नव्हती. बाबांचा पाळीतला जुना सोबती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “कंप्युटरच असन थे. आता मानसाले येवढा दम कुठं रायते? आन् तुमाले त...” पुढचं त्याने बोलायचं टाळलं. ते बोलायची गरजही नव्हती, कारण बाबा शेजारीच धापा टाकत बसले होते. पोरीने म्हाताऱ्याचं मन राखायला काहीतरी सांगितलं असेल, असा सगळ्यांनी सोयीचा अर्थ काढला आणि चहा पिऊन ते मंडईला गेले.

मी बाबांना सांगायला लागले की हे कापलंय, मी दिलं ते असं नव्हतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, “बरोबर म्हनते थो. थो मी नाई.”

मी तिथूनच गजूभाऊंना फोन लावला. त्यांना माझ्या रागाचं कारणच कळेना. “अवो ताई, मधात मधात आवाज तुटते. खुल्या मैदानात भोंगा चूप झाला का लोकं शिट्ट्या मारतेत. लाईन गेली म्हनतेत, नाई त पेनड्राइव्ह अटकला म्हनतेत. आमच्या साऊंडवाल्या पोरानं मधातल्या खाली जागा काढून टाकल्या, बस. एक सूर नाई कमी केला, कसम.” आणि त्यांचं खोटं नव्हतं. सूर एकही कमी झाला नव्हता. आमच्याकडे भोंगा गप्प झाला की माणूस वर तारेकडे बघतो, इतकी वर्षं लाईटने आम्हाला हेच शिकवलंय. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं. गजूभाऊ प्रेक्षकांना ओळखत होते. म्हणूनच मला त्यांना नीट शिव्यासुद्धा देता आल्या नाहीत.

पण मी त्या गोष्टीला अजून क्षमा केलेली नाही. विचार करा. आवाज कुणा परदेशी वादकाचा होता, त्याचं नावही मला माहीत नाही. बोटं माझी होती. त्या सबंध क्लॅरोनेटात बाबांचं म्हणाल तर फक्त श्वास होता, आणि कापणाऱ्याने नेमका तोच वेचून काढला. त्याला वाटलं तो कचरा काढतोय.

गाणं गाजलं. लग्नाच्या वरातीत वाजलं, मोबाइलच्या रिंगटोनवर गेलं. बाबांनी नळीला पुन्हा हात लावला नाही. मी दोनदा घेऊन गेले, दुसरं काही वाजवू म्हटलं. ते म्हणाले, “कायले?” पुढच्या मंडईच्या आधी, शेतात धानाची पुंजणी रचली जात होती तेव्हा, ते गेले. क्लॅरोनेट पेटीत तसंच होतं, पुसलेलं.

त्यानंतर सॉफ्टवेअर बदललं. नव्या कंप्युटरवर ते जुनं प्लगइन उघडत नाही. ‘वाद्य सापडले नाही’ अशी पाटी येते. पण रेघ येते. बाबांच्या फुंकरीची रेघ, चढणारी, पडणारी, मध्ये मोकळी. तयार झालेलं गाणं वेगळं साठवलेलं आहे, पण या रेघेला आता आवाज नाही. मी तिच्यावर दुसरं वाद्य बसवून पाहिलं, बासरी, सारंगी, एकदा तर व्हायोलिन. काहीही बसवा, ते वाद्य दमतं. व्हायोलिनला दमायचं काही कारण नसतं, तरी ते ओळ अर्धी टाकून थांबतं आणि पुन्हा उठतं. मी ऐकते आणि बंद करते. नवीन प्लगइनांत श्वास घालायचंही एक बटण आलंय, दाबलं की ठरावीक अंतराने छान, निरोगी श्वास येतो. ते मी वापरत नाही.

यंदा दसऱ्याच्या सुमारास गजूभाऊंचा फोन आला. ते नाटक याही हंगामात लावायचं होतं आणि गाण्याची मूळ फाइल त्यांच्याकडून गेली होती. “ताई, तुमच्यापाशी असन न? फकस्त थे खाली जागा काढून द्या, माहीतच हाय तुमाले.”

“द्यायचं तर श्वासासकट देईन,” मी म्हटलं.

“अवो, लोकं शिट्ट्या मारतीन.”

“मारू द्या.”

ते हसले. माणूस वाईट नाही, पुन्हा सांगते. म्हणाले, “रायलं मंग. साकोलीचा एक पोरगा हाय, थो करून देते. आजकाल कंप्युटरवर काय लागते?” मी फोन ठेवला. दोन दिवस मला फार बरं वाटलं. वाटलं, या मंडईत तरी ते बिनश्वासाचं क्लॅरोनेट वाजणार नाही.

वाजलं. त्या पोराने जुन्या रिंगटोनवरून सूर उचलले आणि नव्याने बसवले. खिडकीखालून गाडी गेली तेव्हा मी ऐकलं. चोख काम आहे. सूर सरळ, भरलेले, एकामागे एक. यात बाबांची एक फुंकर नाही, माझं एक बोट नाही.

काल आईचा फोन आला. ती अजून चिखल्यालाच राहते. मंडई झाली, शिंगाडे ठेवलेत, घेऊन जा म्हणाली. मग म्हणाली, गाडी आली होती. गाणं लागलं तेव्हा बाबांचा तो पाळीतला सोबती ओट्याशी येऊन उभा राहिला, त्याने टोपी काढली आणि म्हणाला, “वैनी, किलारनेट आयकलं का तुमच्या मानसाचं? काय दम होता बाप्पा.” आजूबाजूच्या बायाही तेच म्हणाल्या. एकीने डोळ्याला पदर लावला.

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“मी हव म्हनलं.”

“आई, ते बाबा नाहीत त्यात. ते दुसऱ्याच कुणीतरी केलंय.”

“मले का समजत नाई? तुया बाप मधात थांबे,” आई म्हणाली. “पन आता म्हनून रायले त म्हनू दे न. होता तवा कोनं म्हनलं?”